लिंक्स म्हणजे 'दुवे' नव्हेत, मग मराठीत काय म्हणायचं?

एकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याहून आई-बाबा आणि काका येणार आहेत, काका गोल्फ खेळतात, म्हणून एडिनबराच्या आसपासच्या किनाऱ्याने चार दिवसांची छोटी लिंक्स ट्रिप, म्हणजे समुद्रालगतच्या गोल्फ कोर्सेसची फेरी ठरवलीय. सगळ्यांना वाचता यावा म्हणून कार्यक्रम मराठीत लिहायला घेतला तर भाषांतराच्या अ‍ॅपने 'समुद्रकिनारी गोल्फ दुवे' असं काढून दिलं. तर लिंक्सला मराठीत काय म्हणायचं, आणि ती लिंक्स की ते लिंक्स?

आधी 'दुवे' खोडून टाका. साखळीच्या कडीचा किंवा वेबसाइटच्या लिंकचा इथे काही संबंध नाही. हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या 'ह्लिंक'वरून आलाय, त्याचा अर्थ उंचवटा, जमिनीचा वर आलेला कणा. जुन्या सनदांमध्ये जमिनीची हद्द सांगताना हा शब्द येतो, आणि त्याच घरातला 'लिंचेट' हा शब्द नांगरटीमुळे उतारावर तयार झालेल्या बांधाला अजून वापरतात. म्हणजे आपल्या 'बांध' या शब्दाच्या अगदी जवळ. पुढे स्कॉटलंडमध्ये समुद्रालगतच्या वाळूच्या, उंचसखल, गवत धरलेल्या जमिनीला लिंक्स म्हणायला लागले. शेत आणि समुद्र यांना जोडते म्हणून लिंक, अशी फोड बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळते, गाइडही अगदी खात्रीने सांगतात, पण ती शब्द ऐकून मागाहून बसवलेली गोष्ट आहे, काकांना तेवढं आधीच सांगून ठेवा.

माझ्या मते यातली मुख्य गोष्ट ही की लिंक्स हे खेळाचं नाव नाही, जमिनीचं नाव आहे. एडिनबरा शहरात ब्रन्ट्सफील्ड लिंक्स नावाची हिरवळ आहे, तिथून समुद्र चांगलाच लांब, तरी नाव लिंक्स. उलट समुद्र दिसतो म्हणून कुठलाही कोर्स लिंक्स होत नाही. कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या अधिकृत नावात लिंक्स आहे पण तो कड्यावरचा कोर्स, जुने जाणकार त्याला खरा लिंक्स मानत नाहीत. आपल्याकडचं उदाहरण घ्या, रत्नागिरीच्या सड्यावर उद्या कोणी गोल्फ कोर्स केला तर खाली समुद्र कितीही सुंदर दिसो, पायाखाली जांभा दगड आहे, वाळू नाही, त्यामुळे ते लिंक्स नव्हे.

मग मराठीत जमिनीचा शब्द शोधायला हवा, आणि जमिनीच्या शब्दांना मराठीत तोटा नाही. सडा, खाजण, मळा, माळ, कुरण, गायरान, पुळण. यातला सगळ्यात जवळचा पुळण. संस्कृत पुलिन म्हणजे पाण्याकाठची वाळू, त्यावरून आपली पुळण, गणपतीपुळ्याच्या नावातलं पुळेही तिच्याशीच जोडतात. (वाळवंट हा शब्दही मनात आला होता कारण पंढरपूरला चंद्रभागेचं वाळवंट म्हणतात ते नदीकाठच्या वाळूलाच, पण आता तो शब्द ऐकला की राजस्थानच डोळ्यासमोर येतं, त्यामुळे सोडून दिला.) पण पुळण म्हटलं की आपल्याला उघडी वाळू दिसते, भरतीच्या रेषेपासून वर सुरू होणारी, आणि लिंक्स त्या वाळूच्या मागे असतं. कोकणात या जागी मर्यादवेल पसरलेली असते, जांभळ्या फुलांची, शेळीच्या खुरासारखं मधोमध चिरलेलं पान असलेली, तीच वाळू धरून ठेवते, मग सुरूचं बन आणि त्याला लागून लगेच नारळी-पोफळीच्या वाड्या. मधे मोकळा गवताळ पट्टा फारसा उरतच नाही, म्हणून त्याला वेगळा रूढ शब्दही नसावा असं मला वाटतं.

तिकडे तो पट्टा उरला त्याला कारण आहे. हिमयुग संपल्यावर बर्फाचं ओझं उतरलं तशी जमीन हळूहळू वर उचलली गेली, समुद्र मागे हटला, जुनी वाळू उघडी पडली आणि वाऱ्याने तिच्या टेकड्या केल्या. पुढच्या टेकड्यांवर मॅरम नावाचं उंच ताठ गवत, त्यामागे फेस्क्यूचं बारीक गवत. वाळूत शेती होत नाही, मग मेंढ्या आणि ससे चरायचे, कपडे वाळत पडायचे आणि लोक खेळायचे. मी एडिनबरात दोन वर्षं होतो तेव्हा जवळच्या किनाऱ्यावरच्या नॉर्थ बेरिक गावी बरेचदा जायचो, तिथल्या वेस्ट लिंक्सच्या कडेने चालताना एकदा वाकून हात लावून बघितला होता, गवत इतकं आखूड आणि दाट की बोट आत जाईना, आणि जिथे सशाने उकरलेलं तिथे दोन बोटांवर लगेच पांढरट वाळू. पाऊस थांबून पाच मिनिटं झाली असतील, बुटाला चिखल नाही. आपल्या पावसाळी मैदानाची सवय असलेल्या माणसाला हे खूप नवल वाटतं. जमीन अशी घट्ट असल्यामुळेच तिथे चेंडू उंच उडवण्यापेक्षा खालून पळवतात, त्याला क्रिकेटमधला आपला 'सरपटी' हा शब्द मस्त बसतो. काकांना 'सरपटी फटका' म्हणालात तर ते लगेच समजतील.

अजून एक शब्द इथे उपयोगी आहे, गायरान. सेंट अँड्र्यूजचं लिंक्स ही गावाची सामायिक जमीन, 1552 मध्ये आर्चबिशप हॅमिल्टनच्या सनदेने गावकऱ्यांचा तिथे खेळायचा वगैरे हक्क लेखी मान्य केला. आजही तिथला ओल्ड कोर्स रविवारी खेळासाठी बंद असतो (मोठ्या स्पर्धा सोडून) आणि गावातली माणसं पोरंबाळं, कुत्री घेऊन त्यावरून फिरतात. आई-बाबांना गोल्फमध्ये रस नसेल तर सेंट अँड्र्यूज मुद्दाम रविवारीच ठेवा, त्यांना कोर्समधल्या ओढ्यावरच्या दगडी स्विल्कन पुलावर उभं राहता येईल, आणि काकांचा खेळ दुसऱ्या दिवशी दुसरीकडे. रेल्वेचं तिकीट काढताना लक्षात ठेवा, सेंट अँड्र्यूजचं स्टेशन 1969 मध्येच बंद झालं, लूकर्सला उतरून बस घ्यावी लागते. नॉर्थ बेरिकला मात्र एडिनबराहून थेट गाडी आहे, अर्ध्या-पाऊण तासात पोचता, म्हणून मुक्काम तिथेच करा असं मी म्हणेन, समोर समुद्रात बास रॉक नावाचा मोठा खडक, उन्हाळ्यात गॅनेट पक्ष्यांनी पांढरा झालेला, आणि वेस्ट लिंक्सच्या तेराव्या होलला ग्रीनच्या (भोकाभोवतीच्या आखूड गवताच्या) अगदी पुढ्यात दगडी गडगा आहे, चेंडू त्याच्यावरून काढावा लागतो. गडगाच म्हणा, भिंत नको, कोकणातल्या गडग्यासारखाच बुटका आणि दगडांचा.

कार्यक्रमातल्या बाकी नावांचं पटकन सांगतो. बेरिक असं लिहा, बर्विक नाही. मसलबरा, एडिनबरासारखंच. Gullane या गावाचा उच्चार गलन की गिलन यावर तिथलीच माणसं भांडतात, तुम्ही एक धरा आणि पुढे चला. 'बर्न' म्हणजे ओढा, मालवणी माणूस व्हाळ म्हणेल, त्याचा जळण्याशी संबंध नाही, म्हणजे स्विल्कनचा ओढा. 'फर्थ'ला खाडी चालेल, फोर्थची खाडी. बंकर, कॅडी, टी तसेच ठेवा, काका रोज तेच शब्द वापरत असणार. मसलबराच्या जुन्या नऊ होलच्या कोर्सला वेळ असेल तर जरूर जा, घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाच्या मधोमध आहे, 1672 मध्ये तिथे खेळल्याची लेखी नोंद आहे, आणि गोल्फचं भोक सव्वाचार इंचीच का याचं उत्तरही तिथेच, 1829 सालचं भोक पाडायचं यंत्र तिथलं, पुढे 1893 मध्ये तेच माप सगळीकडे ठरलं.

आता लिंगाचं. वेबची लिंक स्त्रीलिंगी झालीय, 'ती लिंक पाठव', म्हणून 'त्या लिंक्स' म्हटलं की ऐकणारा फोन काढतो. इंग्रजीत गोल्फच्या अर्थाने लिंक्स एकवचनीही चालतं, शेवटचा स दिसला तरी. त्यामुळे मराठीत मैदानाच्या चालीवर नपुंसकलिंगी एकवचन धरा: ते लिंक्स, लिंक्सवर, लिंक्सचं गवत. किंवा सरळ लिंक्स कोर्स म्हणा, मग कोर्सप्रमाणे पुल्लिंगी, तो लिंक्स कोर्स. दोन्ही कानाला बरं लागतं.

नवा शब्द हवाच असेल तर 'पुळणमाळ' मला आवडतो, वाळूही आली आणि गवताचा मोकळेपणाही. पण चार दिवसांच्या कागदावर तो एकटा टाकला तर आईबाबा अडखळतील, म्हणून मी असं लिहीन: 'दिवस पहिला, नॉर्थ बेरिक. काकांचा गोल्फ वेस्ट लिंक्सवर (लिंक्स म्हणजे पुळणीमागचा गवताळ माळ), आपण तिघं पुळणीवरून चालत, दुपारी बंदरावर भेट.' पुढच्या दिवसांना नुसतं लिंक्स लिहिलं तरी चालेल. आणि पुळणचं सामान्यरूप पुळणी होतं, पुळणीवर, पुळणीमागे, ते टाइप करताना अ‍ॅप बदलून टाकणार नाही एवढं बघा.