वाचकांचे प्रश्न : ‘खुकरी’ आणि कॅप्टन मुल्ला

प्रश्न : कप्तानाने बुडतं जहाज सोडायचं नाही, असा नौदलाचा नियमच आहे का? ‘आयएनएस खुकरी’चे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला त्यामुळेच गेले का? (गिरगाव)

उत्तर : असा नियम नाही. कप्तानाने सगळ्यांत शेवटी उतरायचं, एवढा दंडक. पण भारत-पाक युद्धात, ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री, दीवजवळच्या समुद्रात, पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीचा टॉर्पेडो (पाण्याखालून धावणारं स्फोटक अस्त्र) लागल्यावर ‘खुकरी’ काही मिनिटांतच बुडाली. एवढ्या वेळात खालच्या डेकवरच्या माणसाने अरुंद शिडीने वर यायचं, लाइफ जॅकेट अडकवायचं, उडी मारायची आणि जहाजाबरोबर ओढले जाण्याआधी लांब पोहायचं. बहुतेकांना ते जमलंच नाही. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, ६७ वाचले. मुल्लांनी जहाज सोडण्याचा हुकूम दिला, स्वतःचं लाइफ जॅकेट एका नौसैनिकाला दिलं आणि आणखी कोणाला बाहेर काढता येतं का हे पाहायला ते पुन्हा ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या जागेवर गेले. महावीरचक्राच्या मानपत्रात हेच नोंदलंय. ‘जहाजासोबत जलसमाधी’ हे चित्र लोकांना आवडतं. आमच्या मते ते हातातलं काम टाकून निघाले नाहीत, इतकंच.

प्रश्न : पाणबुडी शोधायला गेलेलं जहाज तिच्याच तावडीत कसं सापडलं? (डोंबिवली)

उत्तर : सोनार म्हणजे आवाजावरून पाण्याखालचं शोधणारं यंत्र. ते पाण्यात आवाज सोडतं आणि प्रतिध्वनीची वाट बघतं. जहाजाला कळायला तो आवाज जाऊन परत यावा लागतो. पाणबुडीला तो जातानाच ऐकू येतो. म्हणजे शिकाऱ्याची चाहूल आधीच लागते. त्यात ‘हंगोर’ फ्रेंच बनावटीची, नवी, आणि तिचं सोनार ‘खुकरी’च्या सोनारपेक्षा कितीतरी लांबचं टिपणारं. शिवाय ‘खुकरी’वर सोनारचा पल्ला वाढवण्याच्या एका उपकरणाची चाचणी चालू होती आणि त्यासाठी वेग कमी ठेवावा लागत होता. संथ जहाजावर नेम धरणं सोपं. ‘हंगोर’चा पहिला टॉर्पेडो सोबतच्या ‘किरपाण’वर होता, तो फुटलाच नाही. दुसरा ‘खुकरी’ला लागला. ताफ्यातली तिसरी ‘कुठार’ बॉयलरच्या बिघाडामुळे मुंबईतच राहिली होती.

प्रश्न : महावीरचक्र परमवीरचक्राच्या खालचं का? (लालबाग)

उत्तर : हो, युद्धकाळातल्या शौर्यासाठी दुसऱ्या क्रमांकाचं. पदक चांदीचं, फीत अर्धी पांढरी, अर्धी केशरी.

प्रश्न : स्मारक कुठे आहे? (ठाणे)

उत्तर : दीवला, चक्रतीर्थ किनाऱ्याजवळच्या टेकाडावर, काचेच्या पेटीत जहाजाची प्रतिकृती आहे. त्याच नावाची पुढची युद्धनौका माझगाव गोदीत बांधली गेली, १९८९ मध्ये नौदलात आली आणि २०२१ मध्ये निवृत्त झाली. तीही आता दीवलाच आहे. वांद्रे टर्मिनसवरून वेरावळची गाडी धरा. वेरावळहून पुढे रस्त्याने साधारण ९० किलोमीटर. जून ते सप्टेंबर टाळा, पावसात तिथला समुद्र खवळलेला असतो.