आईच्या डोक्यावर सिलिंड्रोमाच्या (त्वचेतल्या ग्रंथींपासून होणाऱ्या, बहुधा साध्या) गाठी एकमेकींना चिकटून पसरल्या आहेत, मधे ओलावा आहे. त्या एकेक काढाव्यात की सगळी त्वचा एकदम? केस परत येतील का, खर्च किती?

केसांचं आधी सांगतो. पूर्ण त्वचा काढून मांडीची लावली तर तिथे केस येणार नाहीत, विग लागेल. गाठी चार-सहाच आणि सुट्या असतील तर एकेक काढा. साधारण तीन सेंटिमीटरपर्यंतची जखम गॅलियावर, म्हणजे डोक्याच्या त्वचेखालच्या चिवट पडद्यावर, सेंटिमीटरभर अंतराने चिरा देऊन सरळ शिवता येते. पण तुम्ही लिहिताय तशा गाठी एकमेकींना चिकटून फेट्यासारख्या पसरल्या असतील, मधे वास येणारा ओलावा असेल, तर एकेक काढण्यात वर्षं वाया जातात. त्वचेखाली फुगा ठेवून, तो हळूहळू भरून शेजारची केसाळ त्वचा ताणून आणण्याचा सल्लाही मला या आजारात पटत नाही. सीवायएलडी जनुकातला दोष त्या त्वचेतही आहे, गाठी तिथेही उगवतात. मांडीवरून घेतलेल्या त्वचेच्या पातळ कलमात (ग्राफ्टमध्ये) केसांची मुळं येत नाहीत, म्हणून तिथे सहसा उगवत नाहीत.

आता ज्यावरून मी सोबतच्या सर्जनांशी वर्षानुवर्षं भांडत आलोय ते. कवटीच्या हाडावरचं पातळ आवरण, पेरिक्रेनियम, राखलंच पाहिजे. ‘सुरक्षित राहावं म्हणून’ तेही खरवडून काढणारे भेटतात. अरे, गाठ साधी आहे, कॅन्सर नाही! हे आवरण गेलं की पांढरं कोरडं हाड उरतं आणि त्यावर कलम धरत नाही. मग हाडाचा बाहेरचा थर बर्रने (हाड घासायच्या फिरत्या यंत्राने) घासायचा, आतून रक्ताचे ठिपके दिसेपर्यंत. लाल मांस भरायला दोन-तीन आठवडे थांबायचं आणि पुन्हा भूल द्यायची. नाहीतर पाठीचा स्नायू रक्तवाहिन्यांसकट आणून जोडायचा. हे सगळं टाळता येण्याजोगं असतं.

टाळायचं कसं? रक्तवाहिन्या आकसवणारं, एकास दोन लाख ॲड्रेनलिनचं सलाईन गॅलियाखाली भरायचं आणि घड्याळ लावून दहा मिनिटं थांबायचं. घाई केली की रक्त जातं, कारण डोक्याच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या कापल्यावर आकसत नाहीत, उघड्याच राहतात. कडेला क्लिपा लावायच्या. रक्ताच्या दोन बाटल्या तयार हव्यातच. गॅलियाखालच्या सैल थरात बोटाने वेगळं करत गेलं की पेरिक्रेनियम आपोआप खाली राहतं. जिथे गाठ फुटून जंतुसंसर्ग झाला होता तिथे मात्र ते चिकटलेलं असतं, तिथे धारदार कात्री आणि सबुरी लागते. उघडं पडलेलं आवरण सलाईनच्या गॉजने सतत ओलं ठेवायचं. ऑपरेशन थिएटरच्या दिव्याखाली ते वाळलं तर राखूनही उपयोग नाही.

कलम ०.३ मिलिमीटर जाडीचं, एकास दीड जाळी पाडून, म्हणजे बारीक चिरा देऊन ते दीडपट पसरेल असं. कपाळाकडे मात्र अखंड पट्टा, जाळीचे डाग तिथे कायम दिसतात. पट्टी पाचव्या दिवशी उघडायची. कलम सर्वांत जास्त जातं ते डोक्याच्या मागच्या बाजूला, कारण पेशंट उताणा झोपतो आणि ते सरकतं. कुशीवर ठेवा, नर्सला रात्रीसुद्धा बजावून सांगा. दुसरं कारण म्हणजे खाली साचलेलं रक्त. मांडीवरची जखम दोन आठवड्यांत भरते.

खर्च जाळी, स्टेपल आणि वॉर्डवर ठरतो, आकडा इथून सांगता येणार नाही.

एक राहिलंच. काढलेला प्रत्येक तुकडा तपासायला पाठवा. एखादी गाठ अचानक वाढली, फुटली किंवा दुखायला लागली आणि कॅन्सरचा संशय असेल तर वरचं ‘आवरण राखा’ तिथे लागू नाही, कारण क्वचित यांचा कॅन्सर होतो. कानापुढची लाळग्रंथीही हाताने चाचपून घ्या. तुमच्याच डोक्यावर किंवा नाकाच्या बाजूला बारीक गाठी असतील तर दाखवा, हा आजार निम्म्या मुलांत उतरू शकतो.

आणि सर्जनना सरळ विचारा: पेरिक्रेनियम राखणार का, नाही राखता आलं तर पुढे काय? ‘टेबलावर बघू’ एवढंच उत्तर आलं तर दुसऱ्या प्लास्टिक सर्जनकडे जा.