धर्म म्हणजे 'रिलिजन' नव्हे, मग काय?

तुम्ही विचारलंय, हिंदू विचारात धर्म म्हणजे नेमकं काय, आणि गीतेतला 'स्वधर्म' कोणता?

आधी 'रिलिजन' हा अर्थ जरा बाजूला ठेवा. शेजारधर्म म्हणताना आपल्याला शेजाऱ्याची पूजापद्धत अभिप्रेत नसते. लोखंडाचे गुणधर्म शाळेत शिकतो, आणि 'धर्म करा' म्हणणारा दान मागत असतो. कर्तव्य, स्वभाव, दान असे तिन्ही अर्थ एका शब्दात मुरलेत. मूळ धातू 'धृ', म्हणजे धरून ठेवणं, सावरणं.

शास्त्रकारांचंही एकमत नाही. जैमिनींच्या मते वेदाने जे करायला सांगितलं तो धर्म. कणाद म्हणतात, ज्याने ऐहिक उत्कर्ष आणि मोक्ष दोन्ही साधतात तो. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायातल्या दहा लक्षणांत क्षमा, सत्य, अक्रोध, चोरी न करणं हे आहे. देवाचं नाव नाही.

स्वधर्माबद्दल गीता म्हणते, दुसऱ्याचा धर्म उत्तम पाळण्यापेक्षा आपला उणा असला तरी बरा (३.३५). हा धर्म ठरवायचा कशावरून? अठराव्या अध्यायात तो वर्णांच्या कर्मांशी जोडलेला आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पण ज्ञानेश्वरांनी पसायदानात 'विश्व स्वधर्म सूर्यें पाहो' म्हटलं तेव्हा मागणं अख्ख्या विश्वासाठी होतं. मला हा अर्थ जवळचा वाटतो. कुणी त्याला सोयीचं वाचन म्हणेल, म्हणो.

व्याख्यांपेक्षा मला जास्त कळलं ते महाभारतातल्या कर्णपर्वातून. युद्धाचा सतरावा दिवस. कर्णाकडून घायाळ होऊन शिबिरात परतलेला युधिष्ठिर संतापून अर्जुनाला म्हणतो, तुझं गांडीव धनुष्य दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाक. अर्जुनाची तर प्रतिज्ञा, असं म्हणेल त्याचं डोकं उडवीन. तो थोरल्या भावावर तलवार उपसतो. का, तर शब्द पाळणं हा धर्म!

कृष्ण त्याला कौशिक नावाच्या तपस्व्याची गोष्ट सांगतो. कौशिकाचं व्रत होतं, नेहमी खरंच बोलायचं. दरोडेखोरांच्या भीतीने काही लोक रानात लपले. दरोडेखोरांनी विचारल्यावर कौशिकाने जागा सांगून टाकली. माणसं मारली गेली आणि सत्यवादी कौशिक नरकात गेला. मग कृष्ण म्हणतो, 'धारणाद्धर्ममित्याहुः', जो प्रजेला धरून ठेवतो तो धर्म. म्हणजे नियम पाळला एवढ्याने भागत नाही. त्यातून माणसं सावरली जातात की मोडतात, हेही पाहायचं.

पण प्रतिज्ञेचं काय? कृष्णाची तोड भारी आहे: वडीलधाऱ्याला 'तू' म्हणून अपमान केला की तो जिवंतपणीच मेल्यासारखा. (अरे-तुरे म्हणजे काय हे आपल्याला वेगळं सांगायला नको.) अर्जुन तसं करतो, मग पश्चात्तापाने स्वतःलाच मारायला निघतो. त्यावर कृष्णाचा उपाय: स्वतःची स्तुती कर, आत्महत्येसारखीच ती! अर्जुन मग आपण किती थोर धनुर्धर आहोत ते सांगतो, युधिष्ठिराच्या पाया पडतो आणि कर्णाशी लढायला जातो.