सीईटीच्या पुस्तकाआधी पडताळणीची फाईल

अकरावी सायन्सला बसलास ना, मग राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा असेल तर आधी जात पडताळणीच्या (जातीचा दाखला समितीकडून तपासून घेण्याच्या) फाईलला हात घाल. ओबीसी असशील तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, एससी असशील तर १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा जातीचा पुरावा लागतो, जसा आजोबांचा शाळेचा दाखला. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची नक्कल काढ. आपल्या विदर्भात बहुतेकांचं तिच्यावरच निभतं. घोळ होतो तो नावाचा. नकलेत ‘नथ्थू’, वडिलांच्या दाखल्यावर ‘नत्थुजी’, की फाईल त्रुटीत अडकते. म्हणून वंशावळीसोबत नावातल्या फरकाचं शपथपत्रही आधीच जोड.

ओबीसीला लागणारं नॉन-क्रीमी लेयरचं (उत्पन्नाच्या मर्यादेत असल्याचं) प्रमाणपत्र जुनं चालत नाही. २०२६-२७ च्या प्रवेशाला ते ३१ मार्च २०२७ पर्यंत वैध हवं. बारावीच्या निकालानंतर सेतूवर मरणाची रांग असते, तेव्हा एप्रिलमध्येच अर्ज टाक.

एमएचटी-सीईटीत, म्हणजे इंजिनिअरिंग, फार्मसीच्या राज्य प्रवेश परीक्षेत, अकरावीचा भाग साधारण २० टक्के, बाकी बारावी. चुकीला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नको. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातल्या बीएस्सी ॲग्रीलाही हीच परीक्षा. गोंडवाना किंवा अमरावती विद्यापीठाच्या कॉलेजात साधं बीए, बीएस्सी करायचं तर सीईटी नाही.