गर्दसाठी चोरी करणारा भाऊ: तुरुंग की दवाखाना?

प्रश्न: माझा धाकटा भाऊ, वय २४, पुण्याला ट्रकवर क्लीनर म्हणून गेला आणि तिथं गर्दच्या नादी लागला. आता गावीच असतो. आधी आईची बोरमाळ गेली, मग सोयाबीनच्या पट्टीतले पैसे, आणि आता शेजाऱ्याच्या विहिरीवरच्या मोटारीची केबल कापून विकली. लहानपणी सापडलेला रुपयासुद्धा आणून देणारं पोरगं हे! वडील म्हणतात, दोन महिने आत बसला की सुधरंल. आई म्हणते, खोलीत कोंडू. काय करावं?
– एक शेतकरी, परभणी जिल्हा

उत्तर: भाऊ, आधी आईचा दागिना, मग घरातला पैसा, मग शेजाऱ्याची वस्तू. मानसोपचाराच्या कामात हाच क्रम मी घराघरांतून ऐकत आले आहे. गर्द म्हणजे भेसळीचं हेरॉइन. शेवटच्या डोसनंतर ६ ते १२ तासांत अंग मोडून येतं, नाक-डोळे गळतात, जुलाब, उलट्या, पायात गोळे. पोरं याला ‘टर्की’ म्हणतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती सगळ्यात जोरात असते. मजा कधीच संपलेली असते. टर्की येऊ नये म्हणून रोज पैसा लागतो, आणि क्लीनरच्या पगारात तो बसत नाही.

अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये २४३ व्यसनी पुरुषांचा अभ्यास झाला होता, १९८१ साली तो प्रसिद्ध झाला. व्यसन चालू असताना वर्षाचे सरासरी २४८ दिवस ते कसला ना कसला गुन्हा करत. व्यसन सुटलेल्या काळात ४१ दिवस. माणसं तीच होती. ते ४१ दिवस उरले, हेही विसरू नका. काहींचा हात आधीपासूनच वाईट असतो. पण तुमच्या पत्रातला मुलगा तसा दिसत नाही.

वडिलांचा राग मला समजतो. तरी तुरुंगात काय, खोलीत काय, औषधाशिवाय नुसतं कोंडणं मला अजिबात मान्य नाही. काही आठवडे गर्द सुटली की शरीराची सहनशक्ती उतरते. बाहेर येऊन जुन्या मापानं घेतली तर श्वास थांबून माणूस दगावतो. हे आईला जरूर सांगा.

जिल्हा रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञांना दाखवा. जवळचं केंद्र कुठं आहे ते १४४४६ या मोफत हेल्पलाइनवर विचारा. ब्युप्रेनॉर्फिन नावाची जिभेखाली ठेवायची गोळी टर्की थांबवते, तलफ कमी करते. ती बरेच महिने चालू शकते. “एका नशेऐवजी दुसरी” असं गावात कुणी म्हणालं तरी घरच्यांनी मनानं बंद करू नये.

पोलिसांच्या भीतीनं दवाखाना टाळू नका. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम ६४अ सांगतं, की सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात माल सापडल्याचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला आला, तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. चोरीला मात्र ते लागू नाही, आणि तक्रार द्यायचा शेजाऱ्याला पूर्ण हक्क आहे.

म्हणून केबलचे पैसे आधी भरून द्या, भावाच्या देखत. पुढं तो कामाला लागला की ते त्याच्याकडून हप्त्यानं वसूल करा. तोवर त्याच्या हातात रोकड देऊ नका, आणि पुण्याच्या त्या गाडीवर पुन्हा पाठवू नका.