दोन मीटर आणि एक चादर

पोरी, अनेक आशीर्वाद.

सोलापुरात रस्त्यावरचे फोटो काढायला कोणता छोटा कॅमेरा घ्यावा, यासाठी तू केलेला तक्ता पाहिला. त्यातला मेगापिक्सेलचा रकाना आधी खोड. कॅमेरा खिशात राहतो का आणि बाहेर काढल्यावर फोटो किती लवकर निघतो, एवढंच बघ. सिद्धेश्वराच्या एका गड्डा यात्रेला मी अक्षता पडतात त्या सम्मती कट्ट्यापाशी झूमवाला छोटा कॅमेरा घेऊन उभा होतो. लेन्स बाहेर आली, झूम सरकला, फोकस पुढेमागे चाचपत बसला. तोवर अक्षता पडूनही गेल्या.

म्हणून माझं मन रिको जीआर थ्रीकडे झुकतं. बॅटरीसकट २५७ ग्रॅम, तरी प्रकाश टिपणारा आतला सेन्सर मोठा, एपीएस-सी मापाचा. लेन्स २८ मिमीच्या, म्हणजे रुंद नजरेची, झूम नाही. त्यातलं स्नॅप फोकस, म्हणजे आधीच ठरवून ठेवलेल्या अंतरावरचा फोकस, शीक. अंतर २ मीटर, अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ ८ इतकं बारीक ठेवून बटण एका दमात खालपर्यंत दाबलं, की कॅमेरा काही शोधत बसत नाही. साधारण एका मीटरपासून गल्लीच्या टोकापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. फक्त दोन मीटर म्हणजे किती, हे डोळ्यांत बसायला हवं. घरातली मोठी चादर लांब अंथरून बघ. तिची लांबी त्याहून थोडीशीच जास्त भरेल.

एवढं जवळ जायची भीड वाटत असेल, तर जीआर थ्री एक्स ४० मिमीचा, म्हणजे जरा अरुंद नजरेचा येतो. पण भीड मोडलेली बरी. अंगणात विड्या वळणाऱ्या बायकांना आधी विचार, मग काढ, आणि प्रिंट नेऊन दे.

फुजीचा एक्स १०० सिक्स देखणा आहे. त्याला डोळा लावून बघायची खिडकी, व्ह्यूफाइंडर आहे, जीआरला नाही. एप्रिलच्या उन्हात पार्क चौकात स्क्रीनवर स्वतःचंच तोंड दिसतं, हेही कबूल. पण ५२१ ग्रॅमचा कॅमेरा खिशात जात नाही, गळ्यात येतो. गळ्यात दिसला की समोरचा केस सारखे करतो.

जीआरच्या खोडीही ऐक. एका चार्जिंगवर दोनशेच्या आसपास फोटो, म्हणजे दुसरी बॅटरी घ्यावीच लागते. धूळ अडवणारं सील नाही आणि लेन्स आतबाहेर होते. यंत्रमागाच्या शेडमध्ये सुताचे तंतू हवेत तरंगत असतात. एखादा सेन्सरवर बसला की प्रत्येक आभाळात डाग. तिथे आपला फोनच बरा. आणि गड्ड्याला नंदीध्वजांच्या काठ्यांच्या मिरवणुकीत अंधाऱ्या बोळापुढे पांढरी बाराबंदी आली, तर एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजेड, थोडं खाली घे, नाहीतर कापडाची घडी दिसणार नाही.

पैसे मात्र इतक्यात भरू नकोस. फोनची मुख्य लेन्सही २८च्या जवळपासचीच असते. झूमला हात न लावता पंधरा दिवस मंगळवार बाजारात फिर आणि त्यातले वीस फोटो मला आणून दाखव. चादर मोजलीस का, तेही कळव.

तुझा,
काका