पंचांच्या बैठकीला तिला नेऊ का?

*ताई, आम्ही सोलापुरात पूर्व भागात राहतो, पद्मशाली समाजाचे. माझे यजमान पंचांत बसतात. माझ्या चुलत दिराच्या सुनेला नवरा मारतो. नारळी पौर्णिमेचा रथ झाल्यावर पंचांनी त्याला मार्कंडेयासमोर शपथ घ्यायला लावली. ती दिवाळीपर्यंत टिकली. आता त्यानं तिचं बोट पिरगाळलंय. विड्या नीट वळता येत नाहीत, विडी कारखान्याच्या ब्रँचमध्ये निम्म्या परत काढल्या. रविवारी पुन्हा बैठक आहे आणि तिला घेऊन यायचं माझ्याकडे दिलंय. पोलिसांत गेलं तर समाजाचं नाव जाईल, असं सगळे म्हणतात. ती मला म्हणाली, "अत्तम्मा, तिथं मी काय बोलणार?" मी काय करू?*

अक्का, तिला बैठकीला नेऊ नका.

समोर नवरा, सासरा आणि चार वडीलधारे. बैठक उठली की त्याच माणसाबरोबर त्याच खोलीत जायचं. तिथं कुठलीही बाई "मी सांभाळून घेईन" एवढंच म्हणेल. पंच ते खरं धरतील, चहा होईल, आणि रात्री "चारचौघांत माझी अब्रू काढलीस" म्हणून पुन्हा मार. तिला हे ठाऊक आहे, म्हणून तर ती तुम्हाला तसं म्हणाली.

पंचांनी हात झटकावेत, असं मात्र मी म्हणणार नाही. त्याला धाक असेल तर त्यांचाच आहे. त्यांनी त्याला एकट्याला बोलवावं. माग बंद पडलेत, डोक्याला ताप आहे, हे ऐकून घेऊ नये. माग तर साऱ्या गल्लीचे बंद आहेत. शपथ मोडलीस, आता तू घराबाहेर राहा, असं त्याला बजावावं. दर वेळी बाईनंच पोरं घेऊन माहेर का गाठायचं? 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं तिला सासरच्या घरात राहायचा हक्क दिलाय, घर कुणाच्याही नावावर असो.

आणि धर्माचं म्हणाल, तर तुमच्या देवाचीच गोष्ट यजमानांना आठवून द्या. यम न्यायला आला तेव्हा मार्कंडेयानं पिंडीला मिठी मारली. शंकरानं त्याला यमाशी जुळवून घे म्हणून सांगितलं नाही, यमाला अडवलं. ही सून आता तुम्हाला बिलगली आहे. तिला पाठीशी घालण्यानं समाजाचं नाव कसं जाईल? दोन वर्षांनी तिचं काही बरंवाईट झालं तर मात्र जाईल, आणि तेव्हा कुठलीही बैठक कामाची नाही.

विड्या वळणाऱ्या बाईचं बोट दुखावलं की तिची मजुरीच बुडते. उद्याच तिला सिव्हिलला न्या. "पडले" म्हणायचं नाही, काय झालं ते डॉक्टरांना खरं सांगायचं आणि केसपेपर जपून ठेवायचा. मग कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जा. त्यांच्यामार्फत मॅजिस्ट्रेटकडून मारहाणीला मनाई करणारा आणि खर्चाला पैसे द्यायला लावणारा आदेश मागता येतो. त्यांना माहिती तुम्हीही देऊ शकता. चांगल्या हेतूनं दिली तर कायद्यानं तुमच्यावर काही येत नाही. पण आधी तिला विचारा, तिचा होकार घ्या. आत तिच्या शेजारी बसा. तिला मराठी येत असेलच, पण असलं सांगताना माणूस घरच्या भाषेत येतो. तिला तेलुगूत बोलू द्या आणि तुम्ही मराठीत सांगा. रात्री-अपरात्री काही झालं तर 112 लावा; महिलांसाठी 181 आहे.

वाळीत टाकायची भाषा कुणी केली तर घाबरू नका. महाराष्ट्रात 2016 च्या कायद्यानं सामाजिक बहिष्कार गुन्हा आहे, त्याला 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे यजमानांनी बैठकीत सांगितलं तर जास्त बरं, कारण ते पंच आहेत.

तिचं विडी कामगाराचं कार्ड, आधार, बँकेचं पासबुक आणि मुलांचे शाळेचे कागद तुमच्या कपाटात आणून ठेवा. यजमानांशी आज रात्रीच बोला, रविवारची वाट बघू नका. ते नाही म्हणाले, तरी तिला सिव्हिलला न्यायला त्यांची परवानगी लागत नाही.